परराष्ट्रांचा अभ्यास कां व कसा करावा ?

शालान्त वर्गांतील मुलांस वर्ष संपतांना एक चिठ्ठी देण्याची आमच्या शाळेंत जुनी वहिवाट आहे. "पुढें काय शिकणार ?" एवढाच प्रश्न त्या चिठ्ठीवर असतो. उत्तरेंही बहुधा ठरलेलीं असतात. कोणी वैद्यक लिहितो, कोणी स्थापत्य लिहितो. अलीकडे संगणक लिहिणारांची संख्या सर्वांत मोठी असते. गेल्या वर्षीं मात्र एका चिठ्ठीवर निराळेंच उत्तर आलें. "आंतरराष्ट्रीय संबंध," असें एका मुलानें स्वच्छ अक्षरांत लिहिलें होतें. शिक्षकांच्या खोलींत ती चिठ्ठी हातोहात फिरली व थोडा हंशा पिकला. खरें सांगावयाचें तर त्या हंशांत आम्हीही सामील होतों.

पुढें पालकसभेच्या दिवशीं त्या मुलाचे वडील आम्हांस भेटले. निफाड तालुक्यांत त्यांची कांद्याची शेती आहे. ते आमच्यापाशीं येऊन बसले, टोपी काढून त्यांनीं गुडघ्यावर ठेवली व शांतपणें म्हणाले, "सर, पोरगा म्हणतो, विद्यापीठात जाऊन जगाचा अभ्यास करतो. मी म्हटलं, बाबा, जग काय आपल्या बांधाला लागून आहे ? तुम्हीच सांगा, हे शिकून त्याचं पोट भरेल का ?"

आम्हांस त्या वेळीं नीटसें उत्तर देतां आलें नाहीं. "पाहूं, विचार करूं," असें कांहीं तरी बोलून आम्हीं वेळ मारून नेली. ज्या विषयाला आपण हंसलों त्याविषयीं आपणांस स्वतःलाच फारसें ठाऊक नाहीं, ही गोष्ट त्या दिवशीं आम्हांस उमगली व ती मनाला लागली. नंतरचे कांहीं महिने त्या विषयाचें जमेल तितकें वाचन आम्हीं केलें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पालकांस दिलेलें उशिराचें उत्तर होय. हाच प्रश्न उद्यां ज्यांच्या घरीं निघेल अशा इतर पालकांस व विद्यार्थ्यांसही तें उपयोगी पडावें, या हेतूनें येथें देत आहों.

प्रश्नाचे भाग दोन आहेत. जग बांधाला लागून आहे काय, हा पहिला. आणि पोट भरेल काय, हा दुसरा. पहिल्यापासूनच आरंभ करूं.

त्या गृहस्थांच्या चाळींत साठविलेल्या कांद्याचा भाव लासलगांवच्या लिलावांत पुकारला जातो हें खरें. पण तो केवळ तेथेंच ठरतो असें मात्र नाहीं. आपला कांदा बांगलादेश, श्रीलंका, मलेशिया, संयुक्त अरब अमिराती वगैरे देशांत जातो. देशांत कांदा महागला कीं शहरांतील गिऱ्हाइकाच्या हितासाठीं सरकार निर्यातीवर निर्बंध घालतें आणि लासलगांवचा भाव खालीं येतो. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अशी बंदी झाली. २०२० च्या सप्टेंबरांत पुन्हां झाली. २०२३ च्या ऑगस्टांत कांद्याच्या निर्यातीवर शेंकडा ४० कर बसला व त्याच वर्षीं डिसेंबरांत निर्यातच बंद करण्यांत आली, ती २०२४ च्या मे महिन्यांत उठली.

२०१९ च्या बंदीनंतर थोड्याच दिवसांत बांगलादेशाच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीस आल्या होत्या. व्यापाऱ्यांच्या भर सभेंत त्यांनीं हंसत हंसत सांगितलें कीं, आपण आपल्या आचाऱ्याला कांद्याशिवाय स्वयंपाक करावयास सांगितलें आहे. भारतानें आगाऊ सूचना दिली असती तर बरें झालें असतें. सभेंतही हंशा पिकला. पण त्या विनोदाच्या पोटांत जें होतें तें निफाडच्या शेतकऱ्यानें ध्यानांत घ्यावयास हवें. शेजाऱ्याच्या चुलीवरील फोडणी अडली म्हणजे तो दुसरें दुकान शोधतो, आणि दुसऱ्या दुकानाची वाट एकदां सांपडलेलें गिऱ्हाईक परत आणणें सोपें नसतें. दिल्लीचा ग्राहक, नाशिकचा शेतकरी व ढाक्याची गृहिणी या तिघांचीं हितें एकमेकांत गुंतलेलीं आहेत. त्यांतील कोणाचें, कोणत्या वेळीं, किती राखावें, हा प्रश्न शेतकीचा नव्हे आणि केवळ अर्थशास्त्राचाही नव्हे. तो ज्या शास्त्राचा आहे त्याचेंच नांव त्या मुलानें चिठ्ठीवर लिहिलें होतें.

कोंकणांतील बागाइतदारांसही असाच अनुभव आला आहे. आपल्याकडून गेलेल्या मालांत फळमाशी आढळली म्हणून युरोपीय संघानें २०१४ च्या मे महिन्यापासून भारतीय आंब्याची आयात थांबविली. ती बंदी २०१५ च्या आरंभीं उठली. आंबा झाडावर पिकविणें हें बागाइतदाराचें काम. पण दूरच्या बाजारपेठेचे नियम वाचणें, त्यांमागील भीति समजून घेणें व आपली व्यवस्था त्या लोकांस पटवून देणें हें काम निराळें आहे, व तें शिकावें लागतें. तेव्हां, जग बांधाला लागून आहे काय, या प्रश्नास आमचें उत्तर असें कीं, तें बांध ओलांडून केव्हांच आंत आलें आहे.

ही स्थिति आजचीच आहे असेंही नाहीं. रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असलेल्या 'आज्ञापत्रां'त टोपीकरांविषयीं, म्हणजे समुद्रमार्गानें आलेल्या युरोपीय व्यापाऱ्यांविषयीं, स्पष्ट इशारा दिलेला आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नव्हेत, यांच्या पाठीशीं त्यांचे राजे आहेत, यांस किनाऱ्यावर बळकट जागा देऊं नये, असा त्याचा आशय आहे. इतकें सूक्ष्म निरीक्षण करणारा मुत्सद्दी तीनशें वर्षांपूर्वीं आपल्यांत होता. पुढें पुणें दरबाराचे वकील दिल्ली, हैदराबाद वगैरे ठिकाणीं राहून बारीकसारीक बातम्या लिहून पाठवीत. परंतु खुद्द इंग्लंडविषयीं काय ? राघोबादादांनीं पाठविलेला हणमंतराव नांवाचा वकील १७८१ सालीं तेथें गेला होता. एडमंड बर्क या सुप्रसिद्ध पार्लमेंट-सभासदानें त्याचा पाहुणचार केला व त्याला आपल्या आचारधर्माप्रमाणें राहतां यावें म्हणून सोय करून दिली. पण ती सफर घरच्या भांडणांतील एका पक्षाचें काम साधण्यासाठीं होती. त्या देशाची राज्यव्यवस्था, व्यापार व आरमार यांचा कसून अभ्यास करून यावें, असा हेतु तिच्यामागें नव्हता.

उलट १७८६ पासून चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील पुण्यांत येऊन राहिला. त्याच्या मागून आलेल्यांत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन होता. दरबारांतील मानकरी, त्यांचीं वैरें, फौजेची स्थिति, वसुलाची ओढाताण या सर्वांची माहिती या लोकांनीं वर्षानुवर्षें मिळविली. १८०२ च्या शेवटच्या दिवशीं वसईचा तह झाला आणि १८१८ सालीं पेशवाई संपली. केवळ अज्ञानामुळें राज्य गेलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. गृहकलह होता, कर्ज होतें, फौजेंत अव्यवस्था होती. तथापि एक पक्ष दुसऱ्याचा अभ्यास करीत होता आणि दुसरा आपला अभ्यास होऊं देत होता, एवढें निर्विवाद आहे. त्याची किंमत पुढें कित्येक पिढ्यांनीं भरली.

आतां हा विषय विद्यापीठांत केव्हां व कसा आला तें पाहूं. पहिल्या महायुद्धांत युरोपांतील तरुणांची एक पिढीच्या पिढी कापली गेली. वेल्स प्रांतांत समुद्रकांठीं ॲबरिस्टविथ नांवाचें लहानसें गांव आहे. तेथील महाविद्यालयाचे जे विद्यार्थी लढाईंत पडले त्यांच्या स्मरणार्थ डेव्हिड डेव्हिस व त्यांच्या दोघी बहिणी यांनीं २०,००० पौंडांची देणगी दिली, आणि १९१९ सालीं आंतरराष्ट्रीय राजकारणाचें जगांतील पहिलें अध्यासन तेथें स्थापन झालें. आल्फ्रेड झिमर्न हे त्याचे पहिले प्राध्यापक. युद्धें कां होतात हें नीट कळलें तर कदाचित् तीं टाळतां येतील, हा त्यामागील साधा हेतु. पालकांनीं या गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावें अशी आमची विनंती आहे. हा विषय मुत्सद्द्यांच्या मेजवानींत जन्मलेला नाहीं. ज्या घरांतील मुलें परत आलीं नाहींत त्या घरांच्या दुःखांतून तो जन्मला आहे.

त्या अभ्यासानें युद्ध टळलें काय ? नाहीं. वीस वर्षांतच दुसरें महायुद्ध पेटलें. त्याच अध्यासनावर १९३६ पासून ई. एच. कार हे होते. राष्ट्रसंघांत चांगले ठराव झाले कीं जगांत शांतता नांदूं लागेल, या समजुतीवर त्यांनीं १९३९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत कठोर टीका केली. राष्ट्रांनीं कसें वागावें एवढेंच न पाहतां तीं प्रत्यक्षांत कशीं वागतात व त्यांच्या हातीं बळ किती आहे हेंही पाहिलें पाहिजे, असें त्यांचें म्हणणें. मात्र केवळ बळावर विसंबलेलें राजकारणही टिकाऊ होत नाहीं, हेंही त्यांनीं सांगितलें. आपल्या पहिल्याच अपयशाची झडती ज्या विषयानें स्वतः घेतली त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. सर्व रोग नाहींसे झाले नाहींत म्हणून वैद्यक शिकूं नये, असें कोणी म्हणत नाहीं.

आपल्या देशांत इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स ही संस्था १९४३ सालीं निघाली. तिच्या आश्रयानें १९५५ सालीं दिल्लीस या विषयाचें स्वतंत्र विद्यालय सुरू झालें, व १९७० सालीं तें जवाहरलाल नेहरू विद्यापीठांत विलीन झालें. कलकत्त्याच्या जादवपूर विद्यापीठांतही याचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबईच्या व पुण्याच्या विद्यापीठांत राज्यशास्त्राच्या अंगानें तो शिकतां येतो.

तेथें शिकवितात तरी काय, असें कोणी विचारील. राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहाराविषयीं निरनिराळ्या काळांतील विचारवंतांनीं काय म्हटलें हा एक भाग. त्यांत आपला कौटिल्य येतो. संधि, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव या सहा गुणांचें त्यानें केलेलें विवेचन आज परदेशांतही अभ्यासिलें जातें. म्हैसूरच्या शामशास्त्र्यांनीं 'अर्थशास्त्रा'ची पोथी १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली, आणि १९६० ते १९६५ या काळांत प्रा. र. पं. कंगले यांनीं सिद्ध केलेली तिची चिकित्सक आवृत्ति मुंबई विद्यापीठानें तीन भागांत काढली. याशिवाय जगाचा अर्वाचीन इतिहास, व्यापार व चलन, संयुक्त राष्ट्रांसारख्या संस्थांची घटना, आंतरराष्ट्रीय कायदा, आणि कोणत्या तरी एका प्रदेशाचा सखोल परिचय, हे इतर भाग होत.

यांतील कायद्याच्या भागाविषयीं एक उदाहरण सांगतों, कारण तें आपल्या शेजारचें आहे. दादरा व नगरहवेली हा मुलूख पूर्वीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होता. १९५४ सालीं स्वयंसेवकांनीं तो मुक्त केला. त्यांत मराठी तरुण होते. दमणहून तेथें जावयास भारतानें पोर्तुगालला वाट नाकारली, तेव्हां १९५५ च्या डिसेंबरांत पोर्तुगालनें हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयांत दावा लावला. या दाव्याचा एक आधार कोणता होता ? पुण्याच्या दरबाराशीं १७७९ सालीं झालेला तह, व त्यानंतर १७८३ आणि १७८५ सालीं दिलेल्या सनदा ! मराठ्यांनीं या कागदांनीं आपल्याला त्या गांवांचें स्वामित्वच दिलें, असें पोर्तुगालचें म्हणणें होतें. स्वामित्व नव्हे, वर्षाला बारा हजार रुपयांचा वसूल तेवढा लावून दिला, असें भारताचें म्हणणें होतें. मराठी कागदांतील शब्दांचा अर्थ काय, 'जहागीर' व 'सरंजाम' म्हणजे नेमकें काय, याचा खल हॉलंडांतील त्या न्यायासनापुढें झाला.

१९६० च्या एप्रिलांत निकाल लागला. त्या तहानें व सनदांनीं स्वामित्व दिलें गेलें नाहीं, वसुलाचा हक्क तेवढा दिला गेला, हें न्यायालयानें मान्य केलें. इंग्रजी अमदानीपासून चालत आलेल्या वहिवाटीवरून पोर्तुगालच्या खाजगी माणसांस, मुलकी अधिकाऱ्यांस व मालास वाटेचा हक्क होता, परंतु लष्करास व शस्त्रांस नव्हता. आणि १९५४ सालीं वाट बंद करण्यांत भारतानें आपलें कर्तव्य मोडलें नाहीं, असा तो निकाल होता. पुढें १९६१ च्या डिसेंबरांत गोवा, दमण व दीव हेही भारतांत आले, तो इतिहास सर्वांस ठाऊक आहे.

विद्यार्थ्यांनीं या खटल्याचा थोडा विचार करावा. मराठी सनदेचा अर्थ जाणणारा मनुष्य नसता तर हेगचा कायदा जाणणारास बोलतां आलें नसतें. आणि हेगचा कायदा जाणणारा नसता तर त्या सनदा कपाटांतच राहिल्या असत्या. दूरचें व जवळचें, दोन्ही ज्ञान एकत्र आलें तेव्हां काम झालें. आमच्या मतें या विषयाचें खरें मर्म हेंच आहे. परदेशाचीं वर्तमानपत्रें रोज चाळणारा, पण आपल्या जिल्ह्यांत काय पिकतें व तें कोणत्या बंदरांतून बाहेर जातें हें न जाणणारा विद्यार्थी या विषयांत फार पुढें जाईल असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या गांवाबाहेर पाऊल न टाकतां सर्व जगावर निकाल देणाराचेंही तसेंच आहे.

एकेका शब्दाला या क्षेत्रांत किती वजन असतें, याचें दुसरें उदाहरण हंसाबेन मेहता यांचें आहे. मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळांत काम केलेल्या या विदुषी संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधि होत्या. मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमांत, जन्मतः स्वतंत्र व समान कोण, हें सांगतांना इंग्रजी मसुद्यांत पुरुषवाचक शब्द घातलेला होता. त्याचा अर्थ उद्यां कोणी केवळ पुरुष असा करील, असें दाखवून देऊन त्यांनीं तो बदलण्याचा आग्रह धरला. १९४८ च्या डिसेंबरांत जाहीरनामा मंजूर झाला तेव्हां त्या ठिकाणीं सर्व मानवांचा निर्देश करणारा शब्द आलेला होता. आमच्या शाळेंतील मुलींनीं व्याकरणाच्या तासाला कंटाळा येईल तेव्हां ही गोष्ट आठवावी.

आतां दुसरा प्रश्न, पोटाचा. येथें आम्ही गोड बोलून कोणास फसवूं इच्छीत नाहीं. आंतरराष्ट्रीय संबंध शिकला म्हणजे मनुष्य राजदूत होतो, ही समजूत चुकीची आहे. भारतीय परराष्ट्र सेवा १९४६ सालीं निर्माण झाली. तींत प्रवेश मिळतो तो संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेंतून. व त्या परीक्षेला कोणत्याही विषयाचा पदवीधर बसूं शकतो. लाखों उमेदवार बसतात आणि या सेवेंतील जागा मोजक्या असतात. जो केवळ त्या एका जागेकडे डोळे लावून हा विषय घेईल, त्याच्या पदरीं निराशा येण्याचाच संभव अधिक. मग ही विद्या कोठें उपयोगी पडते ? निर्यात-आयातीच्या पेढ्यांत, जहाज व विमा कंपन्यांत, बँकांत, वर्तमानपत्रांत, संशोधनसंस्थांत, विद्यालयांत अध्यापनाला, आंतरराष्ट्रीय मदतकार्य करणाऱ्या मंडळांत. या सर्व ठिकाणीं केवळ पदवीचा कागद पुरत नाहीं. पदवीबरोबर हातीं आणखी कांहीं असावें लागतें. म्हणून आमचा सल्ला असा कीं, या विषयाला अर्थशास्त्राची, कायद्याची किंवा एखाद्या परभाषेची जोड अवश्य द्यावी. जोडी चांगली जमली तर पोटाची चिंता करण्याचें कारण नाहीं. न जमली तर चिंता आहे, हें पालकांनीं आधींच समजून असावें.

खर्चाविषयींही दोन शब्द. अलीकडे गुळगुळीत कागदावर रंगीत माहितीपत्रकें छापून या विषयाचीं महागडीं वर्ग-विद्यालयें विद्यार्थ्यांस बोलावितात. माहितीपत्रकांतील परदेशी इमारतींचीं चित्रें पाहून शेत गहाण टाकूं नये. तेथें कोण शिकवितो, ग्रंथालय कसें आहे, पूर्वीचे विद्यार्थी आज काय करितात, या तीन गोष्टी स्वतः जाऊन विचाराव्या. सरकारी विद्यापीठांत हें शिक्षण पुष्कळ कमी खर्चांत मिळतें. तेथें प्रवेश मिळविण्यास मात्र मुलानें घाम गाळला पाहिजे.

खेड्यांतील मुलाला हें जमेल काय, अशी शंका कित्येकांस येते. कोल्हापूर जिल्ह्यांतील अब्दुल लाट या गांवचे ज्ञानेश्वर मुळे हे १९८३ सालीं परराष्ट्र सेवेंत गेले, अनेक देशांत त्यांनीं काम केलें व आपल्या जडणघडणीची हकीकत मराठींत लिहून काढली. मुलींविषयीं शंका घेणारांस सी. बी. मुथम्मा यांचें नांव सांगावेंसें वाटतें. १९४९ सालीं परराष्ट्र सेवेंत शिरलेल्या या पहिल्याच महिला. त्या काळच्या नियमांप्रमाणें स्त्री अधिकाऱ्यास विवाहासाठीं सरकारची परवानगी काढावी लागे, व विवाहानंतर राजीनामा देण्याचीही पाळी येई. पुरुषांस असा नियम नव्हता. मुथम्मा बाईंनीं सर्वोच्च न्यायालयाचें दार ठोठावलें व १९७९ सालीं न्यायालयानें या भेदभावावर सडकून टीका केली. परदेशांत आपल्या देशाची बाजू मांडणाऱ्या बाईला स्वतःची बाजू स्वदेशांतच मांडावी लागली, ही गोष्ट आम्हां सर्वांस विचार करावयास लावणारी आहे.

हा अभ्यास विद्यापीठांत गेल्यावरच आरंभावा असें मुळींच नाहीं. त्याचा पाया याच शाळेंत घालतां येतो. भूगोलाच्या तासाला नकाशा समोर घेऊन सामुद्रधुन्या व बंदरें मनांत ठसवावीं. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रांत जहाजांवर हल्ले होऊं लागले तेव्हां कित्येक जहाजें सुवेझचा कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊं लागलीं. तो वळसा नकाशावर बोटानें मोजून पाहिला म्हणजे द्राक्षांच्या पेटीचें भाडें कां वाढतें हें कोणी सांगावें लागत नाहीं. इतिहास वाचतांना तह कोणीं केला एवढेंच पाठ न करितां दोन्ही पक्षांना त्या वेळीं काय हवें होतें हें स्वतःस विचारावें. एक परभाषा निवडून ती रोज थोडी शिकावी. परराष्ट्र सेवेंत निवडलेल्या प्रत्येक उमेदवारास एक परभाषा शिकावीच लागते. मग लहानपणींच आरंभ केल्यास काय वाईट?

आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे मनाचा तोल. आज प्रत्येकाच्या हातांत दूरध्वनियंत्र आहे व त्यावर सकाळपासून परदेशांच्या खऱ्याखोट्या वार्ता येत असतात. कोणत्या राष्ट्राला शिव्या द्याव्या व कोणाचा जयजयकार करावा हें त्या वार्ता आपल्याला आयतें सांगतात. आमच्या शाळेंतील मुलेंही मधल्या सुटींत एखाद्या देशाचा निकाल पांच मिनिटांत लावून मोकळीं होतात. एखाद्या राष्ट्राचा अभ्यास करणें म्हणजे त्याच्यावर प्रेम करणें नव्हे किंवा त्याचा द्वेष करणेंही नव्हे. त्याला काय हवें आहे, त्याला कशाची भीति आहे, त्याच्या घरीं काय कमी आहे, हें त्याच्या जागीं बसून पाहणें म्हणजे अभ्यास. असें पाहूनही आपलें हित राखतां येतें. किंबहुना असें पाहिल्यासच तें नीट राखतां येतें. युद्ध व्हावें असें मधल्या सुटींत म्हणणाऱ्या मुलांनीं ॲबरिस्टविथचें तें अध्यासन कशासाठीं स्थापन झालें याची आठवण ठेवावी.

हा लेख छापखान्यांत पाठविण्यापूर्वीं आम्हीं तो त्या पालकांस वाचून दाखविला. त्यांनीं तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. क्षणभर ते कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "कांद्याचं पटलं, सर. सनदेचंही पटलं. पैशाचं अजून घरी बोलावं लागेल. पण पोराला माझं एक सांगा. शिकून आल्यावर जे काय कळलं असेल ते मला समजेल अशा मराठीत सांगायचं. नाही तर तो शिकला काय आणि न शिकला काय, मला सारखंच."

इतके महिने वाचन करूनही इतकी नेमकी अट आम्हांस सुचली नव्हती. जगाचा अभ्यास करून जो घरीं परत येईल आणि बांधावर बसून आपल्या वडिलांस तो समजावून देईल, त्याच्या शिक्षणावर झालेला खर्च वायां गेला असें कोण म्हणेल ? तो राजदूत होवो वा न होवो. त्याच्या गांवाला एक जाणता मनुष्य मिळेल. त्या चिठ्ठीला हंसल्याबद्दल आम्ही त्या विद्यार्थ्याची येथें क्षमा मागतों, व त्याच्या वडिलांची अट त्याच्यापुढें ठेवून त्यास मनःपूर्वक शुभ चिंतितों. यंदाच्या चिठ्ठ्या लवकरच वर्गांत वांटल्या जातील. त्यांत असें एखादें निराळें उत्तर निघालें तर या वेळीं शिक्षकांच्या खोलींत कोणी हंसणार नाहीं, एवढें आश्वासन देऊन हा लेख पुरा करितों.